पानवाली, हरणवाली आणि एक चोंदलेलं नाक

कॅनडाच्या दोन स्वस्त व्हिस्क्यांची तुलना करायची असेल तर माणसानं कुठे जावं? मी शेवगावला गेलो. नगरहून आधी देवळाली प्रवरा, तिथे एक मुक्काम, मग शेवगाव, तिथे एक मुक्काम, आणि परत. नकाशा पाहणाऱ्याला हा रस्ता वेडगळ वाटेल. नगरहून शेवगावला जाणारा माणूस राहुरीच्या अंगाला वळत नाही. पण माझा साक्षीदार देवळालीत राहतो आणि साक्षीदाराशिवाय शेवगावात पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती.

माझं वय शहात्तर. नोकरीची सगळी वर्षं मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काढली. उसाच्या मळीपासून स्पिरिट बनतं, त्याचे नमुने तपासायचे, हे काम. प्रयोगशाळेत उपकरणं होतीच, पण माझी ख्याती नाकाची होती. टाकीचं झाकण उघडलं की आतलं आंबवण बिघडलंय का, ते मी लांबूनच सांगत असे. साहेबांच्या नाकापुढे मशीन काय करणार, असं लोक म्हणायचे आणि मी नको नको म्हणत ते पुन्हा ऐकायचो.

या नाकानं एकदा खोटी साक्ष दिली. ती दुरुस्त करायला हा प्रवास केला.

नऊ-दहा वर्षं झाली असतील. आमच्या डिस्टिलरीतला ऑपरेटर दत्तोबा निवृत्त होऊन शेवगावला आपल्या शेतावर राहायला जाणार होता. त्याचा जावई सचिन नगरच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या कंपनीनं त्याला एका मशीनच्या कामासाठी तीन आठवडे कॅनडाला पाठवलं होतं आणि परत येताना त्यानं व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणल्या. एकीच्या लेबलवर सोनेरी पान, दुसरीच्या लेबलवर हरीण. खरी नावं आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून पानवाली आणि हरणवाली. पानवाली सासऱ्याला दिली आणि हरणवाली सासऱ्याच्या साहेबाला, म्हणजे मला. दत्तोबाच्या निरोपाच्या जेवणात दोन्ही उघडायच्या आणि कोणती सरस ते साहेबांनी सांगायचं, असं ठरलं. मी तेव्हा स्वतः निवृत्त झालेलो, पण प्रमुख पाहुणा मीच.

नेमकी त्या दिवशी मला सणसणीत सर्दी झाली होती. आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस चाँदभाई यांनी दुपारी निलगिरीच्या तेलाचा वाफारा दिला, तरी नाकाची दोन्ही दारं बंद. समोर पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे डोळे लावून बसलेली. सर्दी झालीय म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण ज्याची सगळी अब्रू नाकात आहे, त्याला तेवढं एक वाक्य जड जातं. माझ्या लक्षात आलं की पानवालीच्या झाकणाचं सील आधीच तुटलेलं आहे. मी तेवढा धागा पकडला. ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की हरणवाली अस्सल आहे, पानवालीत मात्र आपल्याच मळीचा वास येतोय. बाटली परदेशी, माल इथला.

मंडळी खो खो हसली. सचिन तिथेच पंगतीत वाढत होता. त्याच्या हातातली बादली क्षणभर थांबली, मग तो पुढच्या ताटाकडे गेला.

त्या दिवसापासून तो नातेवाइकांत ‘मळीवाले जावई’ झाला आणि सासरी यायचा बंद झाला. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्याला, म्हणजे अधिक महिन्याला, जावयाला मानानं बोलावतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. हा महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. असे तीन धोंडे गेले, दत्तोबानं जावयाला बोलावलं नाही. लेक वैशाली एकटीच माहेरी येते आणि एकटीच परत जाते.

गेल्या दिवाळीनंतर सचिन मला नगरच्या भाजी बाजारात भेटला. वाकून नमस्कार केला. मेथीच्या जुड्या निवडता निवडता हसून म्हणाला, "काका, नाक काय म्हणतंय?" मग म्हणाला, येत्या उन्हाळ्यात पुन्हा धोंडा आहे, यंदाही हिला एकटीलाच पाठवीन. हसतच म्हणाला. मी मेथी न घेताच घरी आलो.

माझी नात कॅनडात शिकते. डिसेंबरात ती येणार होती. तिला फोनवर पान आणि हरीण समजावून सांगितलं. दोन्ही घेऊन आली, पण नाक मुरडत. आजोबा, ही तिकडे विद्यार्थी पितात, म्हणाली. दुकानात अगदी खालच्या फळीवर असतात, घ्यायला वाकावं लागतं. लोक त्यात आल्याचा सोडा घालतात आणि बाटली रिकामी झाली की टाकून देतात. तिला काय सांगू? आमच्याकडे अशी बाटली रिकामी झाली की तिचं खरं आयुष्य सुरू होतं. शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी.

नगर ते देवळाली

दोन्ही बाटल्या मफलरमध्ये गुंडाळून खांद्याच्या पिशवीत ठेवल्या आणि सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर गेलो. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून मला एसटी फुकट आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं. कंडक्टर आल्यावर मी रुबाबात पिशवीच्या वरच्या कप्प्यातून कार्ड काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं, मोठ्यानं वाचलं आणि शांतपणे परत केलं.

"बाबा, हा दारू पिण्याचा परवाना आहे. याच्यावर एसटीत सवलत नाही."

मागच्या सीटवरची दोन पोरं खुदखुदली. मी नियमाचा माणूस, दोन बाटल्या जवळ असताना परवाना लागतो म्हणून तो वरच ठेवला होता. आधार खालच्या कप्प्यात. ते शोधताना पिशवी कलंडली आणि बाटल्या एकमेकींवर आपटून खणकल्या. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं, परवान्याकडे पाहिलं आणि माझ्या मांडीवर पिशवी नीट उभी करून दिली. पुढे खड्डा आला की तो आधी ओरडून सांगायचा, "बाबा, सामान धरा." सगळी बस माझ्या सामानाची काळजी घेत होती.

विळद घाट उतरला की मुलखाचा रंग पालटतो. नगरच्या बाजूचं खडकाळ माळरान मागं राहतं आणि राहुरीकडे नजर जाईल तिकडे ऊस. तोडणी जोरात होती. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उसानं इतक्या भरलेल्या की रस्त्यावरून शेतच चालल्यासारखं वाटतं. राहुरीच्या अलीकडे कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं. खिडकीतून काकवीचा वास आत आला आणि माझं नाक आपोआप वर झालं. वास स्वच्छ आला. ज्या दिवशी हवं होतं त्या दिवशी मात्र गेलं होतं कुठे!

चाँदभाई त्यांच्या दारात निंबाखाली बाज टाकून बसले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, दाढी पांढरी, नजर अजून तशीच करडी. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांना दोरा बांधून लाखेचं सील करायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. जन्मभर दारूच्या बाटल्या हाताळल्या, पण जिभेला कधी थेंब लावला नाही. म्हणून तर त्यांच्या सीलकडे कोणी शंकेनं पाहिलं नाही.

मी पिशवी उघडून येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढी वर्षं वाट बघत होतो साहेब," ते म्हणाले. "तुमचं नाक त्या दिवशी रजेवर होतं, हे मला माहिती. वाफारा मीच दिला होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"साहेबाची सर्दी साहेबानं सांगायची. शिपायानं सांगितली तर चहाडी होते."

ते यायला तयार झाले, पण अटी घातल्या. ते ग्लासला हात लावतील, तोंड लावणार नाहीत. आणि शेवगावात पोचल्यावर संध्याकाळपर्यंत मी खरं बोललो नाही, तर ते बोलतील.

तेवढ्यात भाभी बाहेर आल्या. त्यांनी माझी विचारपूस केली आणि बाटल्या घरात येणार नाहीत हे सांगितलं. मग बाटल्या शेळ्यांच्या गोठ्यात, चाऱ्याच्या खोलीत मुक्कामाला गेल्या आणि चाँदभाईंनी कुलूप घातलं. मी घरात. जेवणात बाजरीची गरम भाकरी, मटणाचा लालभडक रस्सा आणि कच्चा कांदा. आमच्या घरी सून डॉक्टरच्या सल्ल्यानं बिनतेलाचं करते; भाभींच्या रश्श्यावर तेलाचा जो तवंग होता, त्यात मला माझा चेहरा दिसत होता. दोन वाट्या प्यालो. पापाची कबुली द्यायला निघालेल्या माणसाला इतकी भूक लागू नये.

सकाळी बाटल्या बाहेर आल्या तेव्हा मफलरला शेळ्यांचा वास लागला होता. तो शेवगावपर्यंत टिकून राहिला.

सोनई, घोडेगाव, कुकाणा

या टप्प्यात चाँदभाईंच्या भाच्याची जीप होती, तोच चालवत होता. सोनईपर्यंत ऊस सोबतीला आला. घोडेगावला चहाला थांबलो. जनावरांच्या बाजाराचं हे गाव. एका म्हाताऱ्यानं विकायला आणलेल्या म्हशीचं इतकं कौतुक चालवलं होतं की शेवटी गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, मग विकतोस कशाला? म्हातारा म्हशीचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. चाँदभाई माझ्याकडे वळून म्हणाले, जास्त बोललं की असं होतं. मी चहा संपवला.

कुकाण्याच्या पुढे ऊस विरळ होत जातो. काळी जमीन, कपाशीच्या वाळक्या पळाट्या, तुरीचे पट्टे आणि मधूनमधून ज्वारी, कणसं भरलेली. हवा कोरडी होते, बोलणंही बदलतं. रस्ता विचारायला थांबलो तर एका बाईनं असा लांबलचक हेल काढून सांगितलं की पैठण जवळ आल्याची खूण पटली. ज्वारी पाहून मात्र मला बरं वाटलं. हुरड्याचे दिवस होते. निदान खायला तरी काहीतरी मिळेल, पुढचं पुढे.

शेवगाव

दत्तोबाचं शेत शेवगावच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे. तो बांधावर येऊन उभाच होता. पूर्वीसारखाच दांडगा, फक्त मिशा पिकलेल्या. मला पाहताच त्यानं टोपी काढली.

"साहेब, नाक कसंय?"

तो हे थट्टेनं विचारत नव्हता, हेच वाईट. एखाद्या पैलवानाला गुडघा कसा आहे विचारावं, तसं विचारत होता.

घरात नेऊन बसवलं आणि त्याच्या बायकोनं, कौसावहिनींनी, फ्रिजमधून थंड पाणी आणलं. बाटली पाहून तोंडात घास नसतानाच मला ठसका लागला. पानवाली. लेबलवरचं सोनेरी पान पाण्यानं पांढुरकं झालेलं, पण ओळखू येत होतं. गेली इतकी वर्षं या घरात येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या खोट्या साक्षीतून पाणी पीत होता. मीही प्यालो. चाँदभाईंनी स्वतःसाठी माठातलं मागितलं.

मी तिथल्या तिथे बोलणार होतो, खरंच. पण तेवढ्यात शेजारचा एक शेतकरी तुपाची बरणी घेऊन आला. दत्तोबानं सगळ्या शिवारात माझ्या नाकाचं पुराण सांगून ठेवलं होतं. हे तूप अस्सल आहे का, एवढं साहेबांनी बघावं. मी वास घेतला. तूप चांगलं होतं, तसं सांगितलं. तो कृतकृत्य होऊन गेला. मग एकानं मध आणला. त्यानंतर एक आजीबाई आल्या आणि त्यांनी गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली माझ्या नाकाखाली धरली. प्रत्येक बरणीबरोबर माझी कबुली एक हात खोल जात होती. चाँदभाई कोपऱ्यात बसून हे पाहत होते आणि अधूनमधून उगीच खोकत होते.

दुपार कलल्यावर शेतात गेलो. कौसावहिनींनी आगटी पेटवली होती. जमिनीतल्या खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं खोचायची. भाजली की गोणपाटावर चोळून दाणे मोकळे करायचे. नगरला हल्ली हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात, तिथे झोपाळे असतात, उंटावर बसवतात. दत्तोबाच्या शेतात उंट नव्हता. गरम हिरवे दाणे, लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा, आणि वांग्याचं भरीत. दोन मुठी खाल्ल्यावर दत्तोबा म्हणाला की साहेब, आता तुमच्या पिशवीत काय हाय ते बघू.

मी बाटल्या गोणपाटावर ठेवल्या. पान पाहिलं आणि दत्तोबाचा चेहरा उतरला. मला वाटलं, जुना अपमान आठवला असेल.

सगळी सूत्रं चाँदभाईंनी हाती घेतली. सील दोन्हीकडून तपासलं, मला आणि दत्तोबाला दाखवलं. निवृत्त होताना आठवण म्हणून मागून घेतलेलं काचेचं छोटं मोजपात्र त्यांनी खिशातून काढलं. चार ग्लास, आम्हा दोघांना दोन-दोन. आमच्याकडे पाठ करून सारखं मोजून ओतलं, बुडाला चिकटपट्टीवर आकडे लिहिले, वर बशा झाकल्या आणि पाच मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. हाच प्रकार मी आयुष्यभर शिकवला आणि निरोपाच्या जेवणात नेमका विसरलो.

जे वाचक हे वाचून बाटली आणणार असतील त्यांच्यासाठी निकाल प्रामाणिकपणे लिहितो. कॅनडात व्हिस्की मुख्यतः मक्याची करतात, चवीला थोडी राय नावाच्या धान्याची जोड, आणि लाकडी पिंपात निदान तीन वर्षं मुरवतात. आपल्याकडच्या पुष्कळशा व्हिस्क्यांत मळीचं स्पिरिट असतं. यात लाज काही नाही, माझं घर त्यावरच चाललं.

पहिल्या ग्लासात आधी गूळ आला. गूळ म्हणजे गुऱ्हाळाच्या कढईवरची काकवी. तिच्यामागे आइस्क्रीमचा व्हॅनिला, आणि अगदी शेवटी नव्या पलंगाच्या लाकडाचा वास. जिभेवर गोड, मऊ, आणि लगेच नाहीशी. चहासुद्धा न घेता गेलेल्या पाहुण्यासारखी. पाणी घातलं की आणखी पातळ होते, म्हणून घालू नये.

दुसऱ्या ग्लासात गोडवा कमी. लवंग, मिरी, आणि बाजरीची भाकरी तव्यावर जिथे करपते तिथला वास. घशाला जरा खरखरते, पण थांबते. हिच्यात थोडं पाणी घातलं तर उलट खुलते. चटणी आणि हुरड्याबरोबर हीच. नुसती घ्यायची असेल तर पहिली.

मी म्हणालो की पहिली पानवाली, दुसरी हरणवाली, दोन्ही अस्सल. चाँदभाईंनी ग्लास उचलून बुडाचे आकडे दाखवले. बरोबर होतं. दत्तोबानं मान डोलावली, पण त्याच्या ग्लासातली पहिली तशीच होती. तो ती नुसती हातात धरून बसला होता.

चाँदभाईंनी मोजपात्र पुसलं, खिशात ठेवलं आणि त्याच खिशातून निलगिरीच्या तेलाची एक छोटी बाटली काढून पानवाली आणि हरणवालीच्या मधोमध ठेवली. 

मग मी बोललो. सर्दी, वाफारा, तुटलेलं सील, आणि मला कशाचाही वास येत नव्हता हे. सचिननं आणलेली बाटली खोटी होती असं मी कशाच्याही आधाराविना बोललो, हे दोनदा सांगितलं. कारण पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दत्तोबा, तुझ्या घरातून तुझा जावई मी घालवला, असं म्हणालो आणि आगटीकडे पाहत बसलो.

दत्तोबानं काठीनं आगटीतल्या गोवऱ्या सारख्या केल्या.

"म्हंजे तुमाला वास आलाच न्हवता?" दत्तोबा म्हणाला.

"नाही."

"मळीचा बी न्हाई?"

"कशाचाच नाही रे."

त्यानं ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, आता हा उठून मला बांधावरून ढकलणार. पण तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग मिशा, मग डोळ्यांतून पाणी.

"साहेब, पर मळी हुतीच त्यात," तो म्हणाला. "म्याच घातली हुती."

त्यानं सांगितलं ते असं. निरोपाच्या जेवणाआधी आठ दिवस पानवाली त्याच्या कपाटात होती. एक दिवस त्यानं सील तोडून एक टोपण चव घेतली. आवडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक टोपण. जेवणाच्या आदल्या दिवशी पाहतो तर बाटली खांद्याच्या बरीच खाली गेलेली. पंचवीस-तीस माणसं येणार, सगळ्यांना दाखवायची बाटली. मग त्यानं देशीची एक बाटली आणून गळ्यापर्यंत भरून काढली.

"आन् तुमी नाकाशी ग्लास नेला, डोळं मिटलं आन् म्हणलात, आपल्याच मळीचा वास. माझं हातपाय गार पडलं. ह्या माणसाफुडं काय बी लपत न्हाई, असं वाटलं. तोंड उघडलं असतं तर तितल्या तितं चोर झालो असतो. म्हणून गप बसलो. आन् एकदा गप बसल्यावर जावयाला कुठल्या तोंडानं बोलवू?"

म्हणजे तो जावयावर रागावून गप्प नव्हता. इतकी वर्षं दत्तोबा माझ्या नाकाला भीत होता आणि मी त्याच्या रागाला. देशी दारू मळीच्याच स्पिरिटची असते. माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत गाजलेला निकाल मी नाक बंद असताना दिला होता आणि तो अचूक होता. केमिस्ट म्हणून मला यावर काय वाटायला हवं, ते अजून ठरलेलं नाही.

आम्ही दोघं हसत होतो आणि चाँदभाईसुद्धा दाढीत हसत होते. कौसावहिनी हसत नव्हत्या. त्यांच्या हातातलं कणीस विस्तवात पार काळं झालं होतं.

"साहेबांचं नाक बंद, ह्यांचं तोंड बंद," त्या म्हणाल्या. "आन् माझी लेक एवढी वर्सं एकटी येती. इचारलं तर म्हणती, त्यांना सुट्टी न्हाई आई. प्रत्येक येळी सुट्टी न्हाई."

हसणं तिथेच संपलं. वहिनींनी पदराला हात पुसले, मोबाईल आणला, वैशालीला लावला आणि जावयाला बोलव म्हणाल्या. स्पीकर चालू करून फोन गोणपाटावर, बाटल्यांच्या शेजारी ठेवला.

मी आधी बोललो, कारण वयानं मोठा होतो आणि कबुलीही आधी माझीच होती. मग दत्तोबा बोलला. टोपणा टोपणानं सगळं सांगितलं, देशीची बाटली कोणत्या दुकानातून आणली तेही.  मी दोनदा वाकून पाहिलं, फोन चालू आहे ना.

"काका," अखेर सचिन म्हणाला, "आज सर्दी नाही ना?"

"नाही बाबा."

"मग दोन्हीतली कोणती चांगली?"

मी हुरडा, चटणी, पाणी, सगळं सांगायला लागलो. त्यानं मध्येच थांबवलं. तुमचं कळलं, म्हणाला, मामांना कोणती आवडली ते विचारा.

दत्तोबानं पहिला ग्लास उचलला, एवढा वेळ न प्यालेला. एक घोट घेतला. कॅनडातल्या खालच्या फळीवरची ती व्हिस्की त्यानं तोंडात बराच वेळ धरून ठेवली.

"तुमचीच, जावईबापू," तो फोनकडे वाकून म्हणाला. "तवाबी तीच आवडली हुती. लई आवडली हुती, म्हणून तर हे सगळं झालं."

 मग पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दीचा नव्हता, एवढं मी केमिस्ट म्हणून सांगू शकतो. धोंड्याला येतो, सचिन म्हणाला, पण अनारसे जाळीदार पाहिजेत. ते मात्र तुमच्या दोघांच्या हातचे, त्यानं वर सांगितलं. वहिनींनी लगेच हुकूम पक्का केला. तेहतीस अनारसे मी आणि दत्तोबानं तळायचे. पीठ त्या करतील, कारण पिठाच्या बाबतीत आमच्यावर विश्वास ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हरणवाली आम्ही हुरड्याबरोबर बरीचशी संपवली होती. पानवाली मात्र धोंड्यापर्यंत ठेवायची, जावयाच्या हातानंच पुन्हा उघडायची, असं ठरलं. दत्तोबानं ती कपाटात ठेवायला मागितली.

चाँदभाईंनी दिली नाही. झाकण घट्ट केलं, त्याला दोरा गुंडाळून गाठ मारली. वहिनींच्या देवघरातली काडेपेटी घेतली, खिशातून लाखेची कांडी काढली आणि प्रयोगशाळेत करत तसं गाठीवर लाल सील पाडलं. मग बाटली उजेडात धरून आतली व्हिस्की कुठवर आहे ते पाहिलं आणि लेबलवर, सोनेरी पानाच्या देठाशी, पेन्सिलीनं एक बारीक आडवी रेघ ओढली.

"आता ठेवा कपाटात," ते दत्तोबाला म्हणाले. "या खेपेला साहेबांच्या नाकाची गरज पडणार नाही."